वंशावळीतील आजोळची बाजू

वडिलांचे नाव काय, आजोबांचे काय, पणजोबांचे काय, असे विचारले तर या मंडपातील बरीच मंडळी न अडखळता उत्तर देतील. ज्यांच्या घरी जमिनीचा वाद चालू आहे ती तर खापरपणजोबांपर्यंत जातील, कारण वकिलाने ती नावे पाठ करून घेतलेली असतात. आता दुसरा प्रश्न. आपल्या आईच्या आईचे माहेरचे आडनाव काय? तिचे लग्नापूर्वीचे नाव काय होते? शेणवा, किन्हवली, डोळखांब या पट्ट्यात आणि खाली मुरबाडपर्यंत आम्ही कामगारांच्या घरी गेली तीस वर्षे जातो, आणि हा प्रश्न शेकडो जणांना विचारून झाला आहे. पुष्कळजण हसतात, काही आईला हाक मारतात, आणि आई नसली की तिथेच थांबतात.

चालकांनी आम्हांला कामगार कायद्यावर बोला असे सुचवले होते. आम्ही विषय बदलून मागितला तेव्हा ते थोडे चकित झाले. परंतु हा विषय शेवटी कायद्यावरच येतो, हे पुढे दिसेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात बरेच झाले. त्यामुळे मांडणी पंडिती नसेल, ती गोड करून घ्यावी.

प्रथम शब्द पाहू. मराठी माणसाजवळ आईकडच्या माणसांसाठी शब्दांची श्रीमंती आहे. मामा वेगळा, काका वेगळा. मावशी वेगळी, आत्या वेगळी. बहिणीचा मुलगा भाचा, भावाचा पुतण्या. चुलतभाऊ, आत्तेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ अशी चार दारे आपण वेगवेगळी ठेवली आहेत. डच भाषेत ‘नेफ’ या एका शब्दात ही चारही दारे येतात आणि भाचा व पुतण्या हेही त्यातच बसतात. सतराव्या शतकात डचांची वखार वेंगुर्ल्याला होती. तिथल्या दुभाष्याची या एका शब्दापायी किती तारांबळ उडत असेल, याची कल्पना करून पाहावी.

आपल्या ‘माहेर’ या शब्दाचे मूळ मातृगृह, म्हणजे आईचे घर. उत्तरेकडे याच घराला ‘पीहर’ म्हणतात, म्हणजे पितृगृह. घर तेच, माणसे तीच. पण आमच्या भाषेने ते आईच्या नावावर मांडले. देवकुलाचे देऊळ झाले, राजकुलाचे राऊळ झाले, तसेच आर्यककुल, म्हणजे आजाचे कुळ, त्याचे आजोळ झाले. येथे एक मौज आहे. आजा दोन असतात, एक वडिलांचा बाप आणि एक आईचा बाप. तरी आजोळ म्हटले की मराठी माणसाच्या मनात आईच्या बापाचेच घर येते. आणि हे आमच्याकडेच घडले असे नाही. डच भाषेतला ‘ओम’ आणि जर्मनमधला जुना ‘ओहाइम’ हे शब्द आज कोणत्याही काका-मामाला चालतात, पण मुळात ते फक्त आईच्या भावासाठी होते. भाषाशास्त्रज्ञ त्या शब्दाची फोड ‘आजाच्या घरी राहणारा’ अशी करतात. म्हणजे त्यांचा मामाही आजोळीच बसलेला होता!

डच लोकांचे नाव आम्ही दुसऱ्या एका कारणाने घेत आहोत. कुळाचा शोध घेण्याचा त्यांच्याकडे मोठा छंद आहे, आणि त्याची त्यांनी शिस्त बसवली आहे. त्यांच्या जुन्या भाषेत कुळाला दोन बाजू असत: बापाकडची ती तलवारीची बाजू आणि आईकडची ती चातीची, म्हणजे सूत कातायच्या चातीची बाजू. कुळाचे तक्तेही दोन प्रकारचे. एक सरळ रांगेचा, बाप, त्याचा बाप, त्याचा बाप असा. आपली वंशावळ ती हीच. दुसऱ्याला ते ‘क्वार्तीरस्टाट’ म्हणतात. त्यात आई आणि बाप दोघांचेही मागचे सगळे लिहायचे. आकड्यांची रीत सोपी आहे. स्वतः १, वडील २, आई ३. ज्याचा आकडा घ्याल त्याची दुप्पट केली की त्याचा बाप, दुपटीत एक मिळवला की त्याची आई. ३ ची दुप्पट ६, तो आईचा बाप. ७ ही आईची आई. १५ ही तिची आई. पहिला सोडला तर सम आकडे सगळे पुरुष, विषम सगळ्या स्त्रिया. कागदावर कितीही गर्दी झाली तरी कोण कुणाचा, हे आकड्यावरून कळते.

आता हिशेब करा. आईबाप दोन, त्यांचे आईबाप चार, मग आठ, मग सोळा. चार पिढ्यांत एकूण ३० माणसे झाली. आपल्या वंशावळीत त्यांतली चार असतात. सव्वीस माणसे गाळून उरलेल्या चारांना आपण ‘आमचे कुळ’ म्हणतो. दहाव्या पिढीला १०२४ जागा होतात आणि तिथेही आपण एकच भरतो. (दहाव्या पिढीत तीच माणसे दोन-तीन जागी येतात, कारण नात्यात लग्ने होतात. तो भाग सोडून द्या.)

डच माणसाला आईची बाजू शोधता येते याचे कारण तो आपल्याहून मातृभक्त आहे हे नव्हे. तिकडे नेपोलियनच्या राजवटीत, १८११ साली, जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. त्या नोंदीत बाईचे आडनाव जन्मभर तेच राहते. लग्न झाले तरी, विधवा झाली तरी, मेली तरी नोंदीत माहेरचे आडनाव. धागा कुठेच तुटत नाही. आपल्याकडे काय होते? लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यावर नवे नाव लिहिण्याची चाल पुष्कळ घरांत होती, काही घरांत अजून आहे. मधले वडिलांचे नाव जाते, तिथे नवऱ्याचे येते. आडनावही बदलते. म्हणजे एका दिवसात तिन्ही नावे बदलली. काल शाळेच्या पटावर होती ती मुलगी आणि आज रेशनकार्डावर आहे ती बाई एकच, हे सिद्ध करायला पुढे प्रतिज्ञापत्र करावे लागते. अशी प्रतिज्ञापत्रे लिहून देण्यात आमच्या आयुष्यातला किती वेळ गेला, ते आमचे आम्हांला ठाऊक.

वंशावळ एकाच रांगेची का झाली, याचे उत्तर वतनात आणि जमिनीत आहे. पाटीलकी कोणाची, इनाम कोणाचे, हे ठरवायला वंशावळ मांडली जाई. ज्याला वाटा नाही त्याचे नाव कशाला लिहायचे? मुलगी लग्न करून गेली की तिथे रेघ थांबली, कित्येक कागदांत तर ती रेघ काढलेलीच नसते. तलाठ्याकडे वारसनोंदीला जी वंशावळ लागते तिच्यात आता मुलींची नावे येतात. पण हा फरक कायद्याने पडला, तोही अलीकडे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितले की, २००५ मध्ये बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्माचा आहे. तेव्हापासून आमच्या तालुक्यात बहिणींना भाऊबीजेला बोलावण्याचे प्रमाण वाढले आणि येताना आधारकार्ड घेऊन ये असा निरोपही जाऊ लागला. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनाच्या दिवसांत हक्कसोड पत्राचा कागद किती घरांत फिरला, हे शहापूरकरांना आम्ही सांगायला नको.

परंतु आईची बाजू नेहमीच पुसलेली होती असे समजू नये. मुरबाडहून वैशाखऱ्याला जावे आणि तिथून नाणेघाट चढावा. माथ्यावर कोरलेले लेणे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या नागनिका राणीने तिथे मोठा लेख कोरवला. यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, नाणी किती वाटली याचे आकडे त्यात आहेत. आपल्या देशात अंक कोरलेल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी राहिली. त्यांत सिमुक सातवाहन आहे, नागनिका आणि तिचा पती सातकर्णी आहेत, राजकुमार आहेत, आणि त्यांच्या रांगेत एक ‘महारठी’ आहे. हा नागनिकेचा बाप असावा असे अभ्यासक मानतात. म्हणजे राजकुमारांचा आजोळचा आजा! सासरच्या राजघराण्याची चित्रभिंत कोरताना राणीने बापाला तिथे उभे केले आणि लेखातही आपण महारठीची लेक आहोत हे नोंदवले. आमच्या तालुक्यांतले पहिले लिखित कुळवृत्त हे असे आहे.

पुढचे सातवाहन राजे तर आईच्याच नावाने ओळखले गेले. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या पांडवलेण्यात पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी गौतमी बलश्रीचा लेख कोरला गेला. त्यात ती राजाची आई आणि राजाची आजी म्हणून बोलते. हे वाचून काही उत्साही मंडळी तेव्हा स्त्रियांचे राज्य होते असे म्हणू लागतात. ते खरे नव्हे. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती, आणि गौतमी, वासिष्ठी ही नावे तरी शेवटी त्या स्त्रियांच्या माहेरच्या गोत्रांवरून आलेली. राजाला आई कुठल्या घराची, हे सांगणे महत्त्वाचे वाटत होते, एवढाच निष्कर्ष आम्ही काढतो. तोही लहान नाही. राजघराण्यात बायका अनेक, तेव्हा कोणत्या राणीचा पुत्र हे नाव घेतल्याबरोबर कळत असे.

धर्मशास्त्रानेही आजोळ सोडले नव्हते. श्राद्धात पित्याकडचे तीन पुरुष तसेच मातामह, म्हणजे आईचा बाप, आणि त्याच्या वरचे दोन, यांनाही पिंड आहे. घटस्थापनेच्या दिवशी नातवाने आईच्या बापाचे श्राद्ध करायचे, त्याला कित्येक घरी आजेपाड म्हणतात. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, नवरीला बोहल्यावर मामा आणतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. उत्तरेत आईच्या कुळात लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते पसंतीचे, आणि महाराष्ट्र मध्ये उभा, असे त्या दाखवतात. आमच्याकडे मामाची मुलगी करतात, आत्याची मुलगी बहुधा करीत नाहीत. जुन्या घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणे ते उगीच नव्हे: मामाच्या मुलीला नवऱ्याची आई खरोखरच आत्या लागते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड नाते आईकडून तीन पिढ्या आणि बापाकडून पाच पिढ्या मोजले आणि रूढीला सवलत ठेवली. ती नसती तर महाराष्ट्रातली हजारो लग्ने बेकायदा ठरली असती.

आता आमच्या कामाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्यात एक तरुण कामगार यंत्रात सापडून दगावला. लग्न झालेले नव्हते. आईबाप तो लहान असतानाच गेले होते, आणि त्याला वाढवले ते आईच्या आईने. गवताचे भारे विकून, दुसऱ्याच्या आवणीला जाऊन तिने त्याला आयटीआयपर्यंत शिकवले. पगार सुरू झाल्यापासून म्हातारी त्याच्याच जिवावर होती. भरपाईचा दावा करायला आम्ही बसलो. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा काढला. त्यात ‘अवलंबित’ कोण याची यादी आहे: विधवा, मुले, आई, बाप, भावंडे, विधवा सून, मुलाची पोरकी मुले, मुलीची पोरकी मुले. आणि शेवटी, मृताचे आईबाप हयात नसतील तर आजा-आजी. परंतु त्या आजा-आजीच्या मागे एक शब्द आहे: ‘पितृपक्षाचे’. बापाकडची आजी असती तर दावा उभा राहिला असता. ही आईची आई होती, म्हणून कायद्याच्या लेखी त्या मुलाला कोणी नव्हते. आणि अवलंबित कोणीच नाही असे ठरले तर मालकाने जमा केलेली रक्कम मालकाला परत जाते, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. तसेच झाले. म्हातारीला हे समजावून सांगण्याचे काम आमच्याकडे आले. ती एवढेच म्हणाली, “मंग त्याला दूध काय सरकारानं पाजलं?”

भविष्यनिर्वाह निधीची गोष्ट निराळी. तिथे नामनिर्देशनाच्या अर्जात कारकुनाने त्याच्या चुलत्याचे नाव घातले होते. का, तर आडनाव जुळत होते. पोराने सही केली. चुलता माणूस वाईट नव्हता. पैसे आल्यावर त्यातले काही त्याने आपण होऊन म्हातारीला नेऊन दिले. न देता तरी त्याला कोणी विचारू शकत नव्हते. नामनिर्देशन नसते आणि प्रश्न वारसाहक्काच्या कायद्यावर गेला असता, तरी फार फरक पडला नसता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गात कोणी नसेल तर दुसऱ्या वर्गाची यादी क्रमाने लावतात. त्यात बापाचे आईबाप पाचव्या क्रमांकावर, चुलते आणि आत्या सातव्यावर, आईचे आईबाप आठव्यावर, मामा-मावशी नवव्यावर. चुलता जिवंत आहे तोवर आजोळच्या आजीची पाळी येत नाही. सख्खे कोण आणि दूरचे कोण, हे मराठी भाषा एका प्रकारे सांगते आणि कायदा दुसऱ्या.

बाई कमावती असली तर तिची गोष्ट याहून विपरीत. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ओम प्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्याचा निकाल दिला. एक मुलगी लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. मागे बँकेतली शिल्लक होती, भविष्यनिर्वाह निधी होता. तो सगळा मेलेल्या नवऱ्याच्या नातलगांना मिळाला, कारण अपत्य आणि नवरा नसलेल्या हिंदू स्त्रीची स्वकष्टार्जित मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते असे कलम १५ सांगते. न्यायालयाने सहानुभूतीने कायदा बदलत नाही असे सांगितले. आम्ही हा निकाल महिला कामगारांच्या प्रत्येक बैठकीत सांगतो आणि मृत्युपत्राचा कोरा नमुना तिथल्या तिथे वाटतो.

आमच्या भागात आणखी एक गाठ आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या जमातींना हा हिंदू वारसा कायदा लागूच नाही. तिथे रूढी चालते, आणि रूढी कोणती हे सांगणारे बहुधा पुरुषच असतात. जुलै २०२५ मध्ये राम चरण विरुद्ध सुखराम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीच्या वारसांना तिच्या बापाच्या मिळकतीत समान वाटा दिला. मुलींना वगळण्याची रूढी सिद्ध झालेली नसेल तर ती आहे असे गृहीत धरता येणार नाही, असे म्हटले. ज्या पाड्यांवर आईबाप वीटभट्टीवर गेले की सहा-सहा महिने मुले आजीपाशी राहतात, तिथे हा निकाल अजून पोचायचा आहे.

काही बाबतीत मात्र पाऊल पुढे पडले आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात आईकडचे आजी-आजोबाही घेतले आहेत आणि महिला कामगाराच्या अवलंबित सासूसासऱ्यांनाही जागा दिली आहे. या संहितांतल्या पुष्कळ कलमांशी आमचे भांडण आहे आणि ते चालू राहील. पण ‘पितृपक्षाचे’ हा एक शब्द निघायला १०२ वर्षे लागली, आणि तो निघाला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. त्या तारखेपूर्वीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे पाऊल नावाचे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये ठरवले की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहायचे. चांगले झाले. परंतु यात आईचे फक्त नाव आले, तिचे माहेर आले नाही. कुळाचा शोध घेणाऱ्याला ‘सुनीता’ एवढ्या नावाने काही हाती लागत नाही; सुनीता कोणत्या गावची, कोणाची लेक, हे हवे. जातपडताळणीत पुरावा अजून बापाकडच्याच नातलगांचा चालतो, तेव्हा आजोळचे कागद जपण्याची सवय कोणाला लागत नाही.

म्हणून ज्यांना आपला तक्ता करायचा असेल त्यांनी १ पासून १५ पर्यंत आकडे घालून एक कागद घ्यावा आणि विषम आकड्यांपासून सुरुवात करावी, कारण ती माणसे लवकर हातची जातात. आईच्या शाळेचा दाखला काढावा. त्यावर तिचे लग्नापूर्वीचे पूर्ण नाव आणि जन्मगाव असते. आजी शाळेत गेली नसेल तर तिच्या भावांचा शाळेचा पट पाहावा, म्हणजे माहेरचे आडनाव सापडते. माहेरच्या गावचा जुना फेरफार निघाला तर त्यात ‘लग्न होऊन अमुक गावी दिली’ असा शेरा मिळण्याचा संभव आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जायचे तर सासरच्या गावाच्या वहीबरोबर आजोळच्या गावाची वहीही मागावी. आणि घरात जी सर्वांत म्हातारी बाई असेल तिला लग्नाआधी तुला काय म्हणत, हे विचारावे. नव्वदीच्या एका बाईला आम्ही हे विचारले, तेव्हा तिने आधी दाराकडे पाहिले आणि मग नाव सांगितले. तिच्या मुलांनी ते पहिल्यांदाच ऐकले.

कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनाचा अर्ज स्वतः वाचून भरावा, कारकुनावर सोडू नये. ज्याला कायद्याच्या व्याख्येतले कुटुंब आहे त्याला कुटुंबाबाहेरचे नाव घालता येत नाही, घातले तर ते रद्द समजतात. परंतु ज्याचे लग्न झालेले नाही आणि आईबाप नाहीत, त्याला कोणाचेही नाव घालता येते. आईच्या आईचेही, मामाचेही, मावशीचेही. लग्न झाले की तो अर्ज आपोआप निकामी होतो, तेव्हा लग्नाच्या रजेवरून परत आल्यावर पहिल्या आठवड्यात नवा अर्ज द्यावा. कोरे अर्ज आणि ते कसे भरायचे याची माहिती आमच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी मिळते; युनियनचे सभासद नसलेल्यांनाही मिळते.